दोन दारं एकदम उघडायची नाहीत

आमच्या समोरच्या घरात कडीकाकू राहतात. हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाही, मी ठेवलंय. पण जिन्यातल्या सगळ्यांनी ते इतकं मनावर घेतलं की हल्ली पोस्टमनही तेच विचारत वर येतो. काकूंना हे ठाऊक आहे. त्या मला कळलाव्या म्हणतात. म्हणजे फिटंफाट.

काकूंच्या घराला दोन दारं आहेत. एक जिन्याकडे उघडणारं, दुसरं चार पावलं आत. मधल्या बोळात चपला, छत्र्या आणि काकांची सायकल. आपण बेल वाजवली की आधी आतलं दार धाडकन बंद झाल्याचा आवाज येतो. मग बाहेरचं उघडतं. आपण बोळात शिरायचं. काकू बाहेरचं दार लावणार, कडी घालणार, ती नीट बसली की नाही ते ओढून बघणार आणि मगच आतलं उघडणार. तेवढा वेळ आपण अंधारात सायकलच्या हँडलला पोट लावून उभे. एकदा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन त्या बोळात अडकला. परत निघताना आतली कडी गंजल्यामुळे लागेना, आणि ती लागल्याशिवाय बाहेरची उघडायला काकू तयार होईनात. "सोडा हो बाई, घरी बायकापोरं आहेत माझी," हा त्याचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकलाय.

यामागचं कारण साधं आहे. काकूंनी सगळी नोकरी बायकांच्या तुरुंगाच्या फाटकावर केली. तुरुंगाच्या फाटकाला दोन दारं असतात, आणि ती दोन्ही एकाच वेळी कधीही उघडी ठेवायची नसतात. काकू निवृत्त झाल्या, नियम सेवेतच राहिला.

त्यांच्या निवृत्तीला माझी बायको हौसेने केक घेऊन गेली, तर काकूंनी विणकामाची सुई काढून केकला आरपार चार भोकं पाडली. "सवय गं," म्हणाल्या. कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत बसलेल्या काकांनी मान वर केली. "सापडलं का काही? मी करवत मागवली होती."

काका चित्रकलेचे मास्तर. आवाज मऊ, चाल मऊ, बोलणं मात्र चिमटा काढणारं. "कैद्यांना चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळते म्हणे," ते मला एकदा म्हणाले. "मी इतकी वर्षं चांगला वागतोय, पण कळवायचं कोणाला?"

"मला कळवा," काकू आतून ओरडल्या. "अर्ज नामंजूर!"

निवृत्तीनंतर काकूंनी घरात बसणं शक्यच नव्हतं, कारण त्या घरात बसल्या असत्या तर काकांना घर सोडावं लागलं असतं. त्या आमच्या हॉस्पिटलात लाँड्रीच्या मुकादम झाल्या. आमच्या म्हणजे मी जिथे केसपेपरच्या खिडकीवर बसतो त्या. लाँड्री मागच्या बाजूला आहे. एक दार आतल्या कॉरिडॉरमध्ये, दुसरं मागच्या अंगणात, बॉयलरच्या शेजारी. आत कायम ओला उकाडा, ब्लीचिंगचा वास आणि मोठमोठ्या यंत्रांची घरघर. काकू आल्या आणि हॉस्पिटलातल्या चादरी सुतासारख्या सरळ झाल्या. पूर्वी चादर हरवली की हरवली. आता चादर हरवली तर वॉर्डची सिस्टर लपून बसते.

अशात एक दिवस माझ्या खिडकीवर एक सडपातळ गृहस्थ आले. हातात हेल्मेट. तपासून घ्यायला आलेत असं समजून मी विचारलं, "काय होतंय?"

"मला काही होत नाही," ते म्हणाले. "मी कोर्टाचा देखरेख अधिकारी आहे. मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय."

हे हेल्मेटसाहेब गेले काही आठवडे गावभर फिरत होते. कोर्टाने काहीजणांना तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यायला सुरुवात केली होती. रोज कुठेतरी वेळेवर यायचं, फुकट काम करायचं, संध्याकाळी घरी जायचं. कल्पना सगळ्यांना पसंत होती, फक्त आपल्याकडे नको. शाळा म्हणाली मुलं आहेत, बाग म्हणाली फुलं आहेत, वाचनालय म्हणालं शांतता आहे. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "लाँड्रीत विचारा." आणि हळूच मला म्हणाले, "आता बघा, ती बाई त्यांना बाहेर काढते."

मीही तेच धरून चाललो होतो. केसपेपरची खिडकी "चहा" अशी पाटी लावून बंद केली आणि गंमत बघायला मागे गेलो.

हेल्मेटसाहेबांना एका बाईला तिथे कामाला पाठवायचं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "चादरीची घडी घालता येते का तिला?"

"शिकेल ना."

"मग पाठवा. पण एक सांगते साहेब, मी तिच्यावर पहारा करणार नाही. पहारा करून झाला माझा, पेन्शन सुरू झालीय."

संध्याकाळी घरी परत येताना मी काकूंना छेडलं. "काय हो, जुन्या गिऱ्हाइकांची आठवण येते वाटतं?"

त्या हसल्या नाहीत. "अरे, मी ज्यांना फाटकातून बाहेर सोडायचे, त्यातल्या कितीतरी जणी पुन्हा माझ्याच फाटकातून आत यायच्या. मी विचारायचे, काय गं, परत? तर म्हणायच्या, मॅडम, बाहेर दारात उभं कोण करतंय? भिंत उंच होती, कुलूप चांगलं होतं, मी कधी डुलकी काढली नाही. तरी गळायचं ते गळतच होतं. मग म्हटलं, आता दुसरं काही करून बघू."

मग तवेवाली आली. हेही नाव मीच ठेवलं, पण ते तिने कमावलं होतं. तिच्या भावाने आजारी आईला अंधारात ठेवून आईचं घर विकलं आणि त्याच आठवड्यात नवी गाडी दारात आणून उभी केली. ही स्वयंपाकघरातून बिडाचा तवा घेऊन गेली आणि गाडीची पुढची काच फोडली. गाडीत भाऊ बसला होता. त्याच्या कपाळाला टाके पडले. जामीन राहायला कोणीतरी जवळचं माणूस लागतं, आणि तिचं जवळचं माणूस म्हणजे तोच भाऊ. एक मुलगी होती, पण ती नुकतीच लग्न होऊन भाड्याच्या खोलीत राहायला गेलेली. तिची जामीनकी कोण मानणार? खटला चालेपर्यंत ही कच्ची कैदी म्हणून आतच राहिली. आई मधल्या काळात गेली. ती हिला दिसली नाही.

आता उरलेली शिक्षा तिने आमच्या लाँड्रीत काढायची होती. अट एकच, गैरहजर राहायचं नाही. राहिली, तर उरलेले महिने पुन्हा आत. आणि मुलगी पोटुशी होती. दिवस भरत आले होते. पहिल्याच दिवशी तवेवालीने काकूंना सांगितलं, "मॅडम, आईच्या वेळी मी आत होते. लेकीच्या वेळी तरी बाहेर राहू द्या."

"मी कोण राहू देणार? तू वेळेवर ये," काकू म्हणाल्या. "आणि मॅडम म्हणू नकोस. इथे मॅडम म्हटलं की तीन डॉक्टरणी वळून बघतात."

ती वेळेआधी यायची. कामाला वाघ. मोठी चादर दोघींनी मिळून घडी घालायची असते. टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. काकू आणि ती अशा पुढेमागे करायला लागल्या की बघत राहावंसं वाटे. मी एकदा म्हटलं, "काकू, नाच बरा बसलाय, आता संमेलनात नाव द्या." काकूंनी ओली उशीची खोळ माझ्या दिशेने भिरकावली. तवेवाली पहिल्यांदा हसली ती तेव्हा. पुढचा एक दात तुटलेला होता, तो दिसू नये म्हणून ती ओठ मिटूनच ठेवायची.

पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. सकाळी ती मागच्या दाराने यायची. काकू आतून दार उघडायच्या, ती आत यायची, काकू दार लावायच्या. दुपारी जेवायला जाताना ती दाराशी जाऊन उभी राहायची, काकू दार उघडायच्या. संध्याकाळी तेच. जन्मभर दारं उघडणारी एक, आणि दार उघडेपर्यंत थांबायला शिकलेली दुसरी. दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मग काकू तापाने आडव्या झाल्या.

त्यांच्या जागी स्टोअरकीपर बसला. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर एकदा शिंकणारसुद्धा नाही. त्याने कॉरिडॉरच्या बाजूने लाँड्री उघडली, मागच्या दाराची कडी काढली आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून नुसतं लोटून ठेवलं. वेळ झाली. तवेवाली आली नाही. तासभर वाट बघून त्याने हेल्मेटसाहेबांना फोन लावला. "गैरहजर."

दुपारी मी चहा प्यायला मागच्या अंगणात गेलो. बघतो तर दाराजवळ, भिंतीला लागून, हात समोर बांधून तवेवाली उभी. बॉयलरच्या झळेने चेहरा लालबुंद झालेला.

"अगं, इथे काय करतेस?"

"दार बंद आहे भाऊ."

"कधीपासून उभी आहेस?"

"सकाळपासून. उघडतील ना आता?"

मी एका बोटाने दार ढकललं. ते उघडलं. तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझ्या तोंडातली कोटी तोंडातच राहिली. आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

मी धावत घरी गेलो. दोन्ही दारांचे सोपस्कार उरकून काकूंच्या पलंगापाशी पोचेपर्यंत मला दम लागला होता. सगळं सांगितलं. काकू उठून बसल्या. "चप्पल दे," काकांना म्हणाल्या.

"ताप आहे तुला," काका म्हणाले.

"तापाला घेऊनच जाते."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. डॉक्टर, हेल्मेटसाहेब, स्टोअरकीपर, शाल गुंडाळलेल्या काकू, त्यांच्या मागे छत्री घेऊन काका, आणि साक्षीदार म्हणून मी. तवेवालीला बोलावणं पाठवलं होतं. खोलीचं दार एसीसाठी लावून घेतलं.

हेल्मेटसाहेब बिचारे खरोखर त्रासलेले दिसत होते. "मलाही वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण मी कोर्टाला काय सांगू? दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, आणि ती दारासमोर अर्धा दिवस उभी राहिली? न्यायाधीश म्हणतील, साहेब, तुम्हीच गोष्ट रचली."

"रचायचीच असती तर याहून चांगली रचली असती," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"मी तर नियमाने..." स्टोअरकीपर म्हणाला.

"तुझं काही चुकलं नाही रे," काकू म्हणाल्या. "गप्प बस."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकांनी छत्री दोनदा उघडून मिटली. शेवटी हेल्मेटसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "बोलावलंय ना तिला? बघा, इथेसुद्धा नाही आली. मग मी कसं सांभाळून घेऊ?"

काकू उठल्या. कपाटाला हात टेकत दारापाशी गेल्या आणि त्यांनी दार उघडलं.

बाहेर तवेवाली उभी होती. भिंतीला लागून, हात समोर बांधून.

"कधी आलीस गं?"

"मघाशीच, निरोप मिळाल्याबरोबर. साहेबांचा आवाज येत होता."

काकू वळल्या. तापाने त्यांचे डोळे चकाकत होते. "साहेब, आत आम्ही यांना काय शिकवतो माहितीय? दाराला हात लावायचा नाही. लावला की शिक्षा. मी स्वतः शिकवलंय, हिच्यासारख्या शेकडो जणींना, अगदी मन लावून. आणि आता बाहेर हिने दाराला हात लावला नाही म्हणून शिक्षा? मग हिने करायचं तरी काय? खिडकीतून यायचं?"

हेल्मेटसाहेबांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मी जे पाहिलं तेच लिहीन. आजची हजेरी लागेल. पण बाई, पुढच्या वेळी मी इथे नसेन, हा कळलाव... हे साक्षीदारही नसतील. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

माझं टोपणनाव कोर्टापर्यंत पोचलं हे मला तेव्हा कळलं.

ताप उतरला आणि काकूंनी शिकवणी सुरू केली. दारं उघडण्याची. आधी लाँड्रीचं, मग कँटीनचं, मग स्टोअरचं. तवेवाली दारासमोर जायची आणि सवयीने मागे वळून काकूंकडे बघायची.

"माझ्याकडे बघू नकोस. दाराकडे बघ."

"रागावणार नाही ना कोणी?"

"रागावलं तर मी आहे. ढकल!"

एकदा तिने जोशात येऊन एक्स-रेच्या खोलीचं दार ढकललं आणि आतले उघडेबंब आजोबा असे काही किंचाळले की तीन दिवस शिकवणी बंद पडली. काकू स्वतः जाऊन आजोबांची माफी मागून आल्या. "पाटी वाचायची गं," एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा सुरू.

गंमत म्हणजे तवेवाली दार उघडून पुढे गेली की काकू मागून येत, दार लावत, कडी घालत आणि ओढून बघत. मी म्हटलं, "काकू, ती उघडते, तुम्ही लावता. हॉस्पिटलाच्या दृष्टीने प्रगती शून्य."

"कळलाव्या, खिडकीवर जा. रांग लागलीय."

काका म्हणाले, "माझीही शिकवणी घे की. मी फी देईन."

"तुम्ही नापास व्हाल," काकू म्हणाल्या.

आणि मग तो रविवार आला. काकूंनी तवेवालीला दुपारी चहाला बोलावलं होतं. मी माझ्या दारात पेपर वाचत होतो, म्हणजे त्यांच्याकडे कान लावून बसलो होतो. आतून कपबशांचे आवाज येत होते. मग फोन वाजला. तवेवालीचा जावई इतक्या मोठ्याने बोलत होता की मला इथपर्यंत ऐकू आलं. "आई, हिला हॉस्पिटलात आणलंय. ती सारखी तुम्हालाच हाक मारतेय. लवकर या!"

पळापळीचा आवाज आला. आतलं दार उघडलं. पाठोपाठ काकूंचा आवाज. "थांब, थांब, आधी हे लावते, मग ते..."

पण पुढचं वाक्य आलंच नाही. कारण बाहेरचं दार आतून खाडकन उघडलं आणि तवेवाली वाऱ्यासारखी बाहेर आली. मागे वळून कोणाकडे बघितलं नाही. पायात एक चप्पल स्वतःची, एक काकांची. धडधडत जिना उतरून गेली. तिच्या मागे काकू आल्या. उंबऱ्यात क्षणभर थबकल्या. हात सवयीने कडीकडे गेला. खालून तवेवालीची हाक आली, "काकू, चला ना!" आणि कडीला न शिवताच काकू जिना उतरायला लागल्या.

दोन्ही दारं सताड उघडी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या घराच्या आरपार दिसलं. बोळ, सायकल, मधली खोली, मागची गॅलरी आणि गॅलरीपलीकडचं आकाश. असला वारा सुटला की काकांची चित्रं उडत उडत जिन्यावर आली. मी ती गोळा करून आत गेलो. काका खुर्चीत हातात कप धरून बसले होते आणि एकदा या दाराकडे, एकदा त्या दाराकडे बघत होते.

"काय हो," हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "मी सुटलो की काय?"

"जा की बाहेर, कोण अडवतंय?"

"नको," काका म्हणाले. "येईल ती. आणि मी नसलो तर कैदी म्हणून मोजणार कोणाला?"

काकू दिवेलागणीला आल्या. पाय सुजलेले, केस विस्कटलेले. दारात उभ्या राहून त्यांनी फाटकावर द्यायच्या तशी खणखणीत वर्दी दिली. "एक वाढली! मुलगी आहे. आजीसारखीच आवाजाला खणखणीत." मग म्हणाल्या, "बाळ आधी आजीच्याच हातात दिलं नर्सने." आणि डोळे पुसत आत गेल्या. त्यानंतर बाहेरची कडी वाजली, ओढून बघितल्याचा आवाज आला, मग आतली वाजली. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं, बाई कायमची बिघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना जागरणाने उशीर झाला. वाटेत मी भेटलो, दोघे मिळूनच मागच्या अंगणातून गेलो. दार बंद. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आली नाही की काय? नात झाल्याच्या आनंदात विसरली नसेल ना? उभी पण दिसत नाही कुठे..." त्यांनी दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. मग वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी गं. काकू."

"थांबा हं. कॉरिडॉरचं दार मी उघडलंय. ते लावते, मग हे उघडते."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट वर केलं. मग दाराशेजारी भिंतीला लागून, हात समोर बांधून, शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या.